सातबारा आणि साचा : इगतपुरीच्या डोंगरातील महादेव कोळी आणि कातकरी

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम कडेला इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर हे सह्याद्रीच्या माथ्यावरचे दोन तालुके आहेत. इगतपुरी गावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उतारावरच्या बांधबंदिस्त खाचरांत भात होतो, वरच्या माळावर नागली, वरई, खुरासणी. या गावांत महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी अशा तीन आदिवासी जमाती शेजारी राहतात. पेठ आणि सुरगाण्याकडे कोकणा व वारली जास्त, पूर्वेकडे भिल्ल. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांवर होती आणि तीत आदिवासी सुमारे १५ लाख ६४ हजार, म्हणजे दर चार माणसांत एक. सरकारी कागदावर हे सगळे 'अनुसूचित जमाती' या एकाच रकान्यात बसतात.

त्या रकान्याच्या आत मात्र मोठे अंतर आहे, आणि ते महादेव कोळी आणि कातकरी यांच्यात सर्वांत ठळक दिसते. गावात शिरताना आधी महादेव कोळ्यांची घरे लागतात: कौलारू किंवा आता पत्र्याची, काही स्लॅबची, दारात बैल नाहीतर मोटारसायकल. कातकऱ्यांची वस्ती गावाबाहेर असते. ओढ्याकडेला, कुणाच्या तरी माळावर किंवा वनखात्याच्या हद्दीला लागून दहावीस झोपड्या, कुडाच्या भिंती, वर प्लास्टिकचा कागद. तिला कातकरवाडी म्हणतात. गावाचा नकाशा काढला गेला तेव्हा ती वाडी बहुधा तिथे नव्हती किंवा कुणी मोजली नव्हती, आणि पुढच्या बऱ्याच गोष्टी त्या एका न मोजण्यातून निघाल्या आहेत.

राज्याच्या पातळीवरही दोघांच्या संख्येत फरक आहे. २०११ मध्ये महाराष्ट्रात महादेव कोळ्यांची नोंद साडेचौदा लाखांच्या आसपास झाली, भिल्ल आणि गोंड यांच्या खालोखाल. कातकरी सुमारे २ लाख ८५ हजार, तेही मुख्यतः रायगड, ठाणे आणि पालघर या कोकणपट्टीच्या जिल्ह्यांत. नाशिकच्या घाटमाथ्यावर ते मूठभर आहेत, वाडीवाडीत विखुरलेले. महाराष्ट्रातील तीन जमाती केंद्र सरकारने 'विशेष असुरक्षित आदिवासी गट' मानल्या आहेत: कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. ढेबर आयोगाने १९६० च्या सुमारास आदिवासींमध्येही थर असल्याचे दाखवले, १९७५ पासून 'आदिम जमाती' हा वेगळा गट झाला आणि २००६ मध्ये त्याचे नाव बदलले. म्हणजे आदिवासींमधली विषमता सरकारला पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे.

महादेव कोळी इतिहासात पहिल्यापासून सत्तेच्या नोंदीत आहेत. नाशिक, अकोले, जुन्नर आणि घाटाखालचा जव्हार हा मुलूख कोळवण म्हणून ओळखला जाई. घाटवाटा आणि किल्ले राखण्याचे काम या लोकांकडे असे. बहामनी काळापासून मराठेशाहीपर्यंत त्यांच्यातले नाईक त्या कामासाठी जमिनी आणि हक्क बाळगून होते. जव्हारचे मुकणे घराणे महादेव कोळी. त्यांचे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकले. समाजाचा अंतर्गत कारभारही बांधलेला होता. १८३० च्या दशकात कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशने या जमातीची तपशीलवार माहिती लिहिली. तिच्यात कुळींची यादी आहे आणि 'गोतरणी' नावाच्या जातपंचायतीचे वर्णन आहे, तिचे निरनिराळ्या कामांचे मानकरीही नावांनिशी सांगितले आहेत. एका इंग्रज अधिकाऱ्याला या लोकांवर एवढे लिहावेसे वाटले याचे कारण साधे होते: कंपनी सरकारला त्यांची भीती होती.

ती भीती खोटी नव्हती. इंग्रजांनी किल्ल्यांवरचे पहारे मोडले, नाईकांचे हक्क कापले आणि सारा रोख मागितला. रोख पैसा सावकाराकडे होता, त्यामुळे जमीन सावकाराकडे जाऊ लागली. रामजी भांगरे यांच्या पाठोपाठ त्यांचा मुलगा राघोजी भांगरे उठला. अकोल्याच्या देवगावचा हा नाईक १८४४ पासून नाशिक, नगर आणि पुण्याच्या डोंगरांत सावकारांच्या वह्या जाळत फिरला. काही सावकारांची नाके कापल्याचीही नोंद आहे. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिले गेले. त्या बंडाचे कारण वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. सावकार ज्याची जमीन बळकावतो त्याच्याकडे आधी जमीन असावी लागते. महादेव कोळ्यांचा एकोणिसाव्या शतकातला झगडा हातची जमीन जाण्याविरुद्धचा होता.

कातकऱ्यांचे नावच कातावरून आले. खैराच्या झाडाचा लाल गाभा तासायचा, त्याच्या बारीक चिपा मडक्यांत पाण्याबरोबर उकळायच्या, रस आटवून घट्ट करायचा, थंड झाला की त्याच्या वड्या पाडायच्या. विड्यात जातो तो हा कात. हिवाळ्यात जंगलात चुली मांडून हे काम चाले आणि ते जाणणारे लोक म्हणून कातोडी किंवा कातकरी. उरलेल्या दिवसांत शिकार, ओढ्यातले मासे आणि खेकडे, कंदमुळे, मध, जळाऊ लाकूड. त्यांच्यात सोन कातकरी आणि ढोर कातकरी असे दोन भाग; गोमांस खाण्याच्या प्रथेवरून ते पडले. बोली मराठीहून वेगळी. घर हलवणे सोपे, कारण घरात हलवण्यासारखे फार काही नाही.

१८७८ च्या वन कायद्याने हे जगणे खालून कापले. खैर हे सरकारी झाड झाले, राखीव जंगलात कुऱ्हाड घेऊन शिरणे गुन्हा झाला. त्याच वर्षीच्या मुंबई अबकारी कायद्याने मोहाच्या दारूवरही बंधन आणले. कातकऱ्याला आता जंगलात राहायचे असेल तर कंत्राटदाराचा माणूस म्हणूनच राहता येणार होते. त्यातून कोळशाच्या भट्ट्या आल्या. कंत्राटदार कुटुंबे उचलून दूरच्या जिल्ह्यांत नेई, जंगलात महिनोन्महिने ठेवी. लाकूड रचून, वर पाला-माती लिंपून, धूर सांभाळत ही कुटुंबे रात्रंदिवस भट्टी राखत. १९३४ मध्ये अ. ना. वेलिंग यांनी कातकऱ्यांवर पुस्तक लिहिले आणि १९३९ मध्ये डी. सिमिंग्टन यांचा मुंबई प्रांतातील डोंगरी जमातींवरचा अहवाल आला. कर्जापायी राबणारी माणसे आणि सावकार-जमीनदार-कंत्राटदार यांची साखळी त्या अहवालात स्पष्ट दिसते. लाकडी कोळशाची मागणी पुढे आटली तेव्हा तीच माणसे, तीच आगाऊ पैशांची उचल आणि मजूर जमवणारा तोच मुकादम वीटभट्टीवर आले.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनी दोघांना वेगवेगळे काय दिले, हा या तुलनेचा गाभा आहे. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी जमीन कसणाऱ्याला मालक केले. महादेव कोळ्यांपैकी बरेच जण तोवर सावकाराचे कूळ झाले होते. जिथे तलाठ्याच्या वहीत पीकपाहणीला त्यांचे नाव लागलेले होते, तिथे जमीन परत आली. सगळ्यांना नाही, आणि सहज तर मुळीच नाही. पण कायद्याला धरायला एक नाव होते. कातकरी कूळ नव्हता, तो मजूर होता. त्याच्या झोपडीखालच्या जागेलाही कुळकायद्यात संरक्षणाची तरतूद होती, परंतु ते मागायला कुणी गेले तर तलाठी विचारणार, गट नंबर कोणता? त्याला उत्तर नव्हते.

१९७४ च्या सुमारास आदिवासींच्या जमिनी बिगरआदिवासींकडे जाण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ खाली कडक बंधने आली, गेलेल्या जमिनी परत देण्याचाही कायदा झाला. इगतपुरीसारख्या तालुक्यात याचे मोल फार. मुंबईहून रेल्वेने आणि महामार्गाने जोडलेला, पावसाळ्यात हिरवागार दिसणारा हा प्रदेश रिसॉर्टवाल्यांना आणि बंगलेवाल्यांना हवा आहे. कायद्याच्या भिंतीमुळे महादेव कोळ्यांची बरीच जमीन टिकली, भिंतीला पडलेली भोके धरूनही. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला, त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्या भूसंपादनात ज्याचा सातबारा त्याला मोबदला हा नियम होता. दारणा (१९१६), अपर वैतरणा, मुकणे, भावली या धरणांनीही आधी सातबारा असलेल्यालाच 'प्रकल्पग्रस्त' म्हटले. विस्थापन हा अन्यायच, पण प्रकल्पग्रस्त म्हणून दाखला मिळणे आणि वस्ती उठली तरी कुठल्याच यादीत न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२००६ च्या वनहक्क कायद्यात तर दोघांचे हितसंबंध एकत्र यायला हवे होते. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला तिचा हक्क मिळावा, असे हा कायदा सांगतो. त्यासाठी मार्च २०१८ मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेले. रक्ताळलेल्या तळपायांची छायाचित्रे तेव्हा देशभर पोहोचली. २०१९ आणि २०२३ मध्ये पुन्हा मोर्चे निघाले. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, त्र्यंबक या भागांतले कोकणा, वारली आणि महादेव कोळी त्यात मोठ्या संख्येने होते, कारण त्यांच्या ताब्यात प्लॉट होते. 'प्लॉट' हा शब्द इथे वनजमिनीच्या कसलेल्या तुकड्यासाठी सर्रास वापरतात. कातकरी वर्षातले सहा-सात महिने वाडीवर नसतोच, मग एका जागी सतत कसल्याचा पुरावा तो कुठून आणणार? मासे, मध, कंद, लाकूड यांवरचा सामूहिक हक्क त्याच्या उपयोगाचा, पण तो मागायला ग्रामसभा उभी राहावी लागते.

ग्रामसभेकडे पाहिले की सामाजिक अंतर दिसते. इगतपुरी आणि त्र्यंबकचा बराचसा भाग १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्यामुळे तिथल्या सरपंचपदावर आदिवासीच बसतो. व्यवहारात हा आदिवासी महादेव कोळी असतो, कुठे ठाकूर, कोकणा किंवा वारली. नाशिक जिल्ह्यातील बागलाण, कळवण, दिंडोरी आणि इगतपुरी या चार विधानसभा जागा आदिवासींसाठी राखीव आहेत, दिंडोरीची लोकसभेची जागाही राखीव आहे. राखीव जागेने आदिवासीला सत्तेत आणले, आणि त्या आदिवासींमध्ये ज्यांच्याकडे शेती, शाळा आणि भावकी होती ते पुढे झाले. यात कुणाचा डाव शोधण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांनी पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा घोषित करून घेण्याची वाट ठेवली आहे. दहा-वीस झोपड्यांच्या, निम्मे वर्ष रिकाम्या असणाऱ्या वाडीने ती वाट चालायची म्हणजे आधी अर्ज लिहिणारा कुणीतरी घरी असायला हवा.

रोजच्या व्यवहारातले अंतर अधिक जुने आहे. महादेव कोळी स्वतःला डोंगरातले शेतकरी मानतात. महादेव, खंडोबा, भैरव आणि कळसूबाई ही त्यांची दैवते मराठा-कुणबी शेजाऱ्यांच्या दैवतांना जवळची. इगतपुरी आणि अकोल्याच्या सीमेवरचे १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर त्यांच्या मुलखाच्या मधोमध उभे आहे. कातकऱ्याच्या घरचे पाणी जुन्या पिढीत चालत नसे, त्याच्या उंदीर-घुशी खाण्याची थट्टा आजही होते. भाताच्या खाचरातला उंदीर कातकऱ्याने बिळातून खणून काढला तर शेतकऱ्याचे पीक वाचते, बिळात साठवलेल्या लोंब्या कातकऱ्याच्या पदरात पडतात आणि त्याला कालवणही मिळते. या सौद्यात दोघांचा फायदा, थट्टा मात्र एकाचीच. आवणीला आणि सोंगणीला कातकरी बायका कोळ्यांच्या खाचरात मजुरीला जातात, तेव्हा आदिवासी मालक आणि आदिवासी मजूर असे चित्र दिसते. 'आदिवासी' या एका शब्दात ते मावत नाही.

महादेव कोळी सुखात आहेत असा याचा अर्थ काढू नये. बहुतेकांची जमीन एक-दोन एकर कोरडवाहू, वाटण्या होत आलेली. धरणे उशाशी आणि उन्हाळ्यात बाईच्या डोक्यावर हंडा, हे वैतरणेच्या खोऱ्यात नेहमीचेच. दिवाळीनंतर या समाजाचीही माणसे द्राक्षबागांकडे जातात. नाशिकजवळ गिरणाऱ्याला सकाळी मजुरांचा बाजार भरतो, तिथे पेठ, हरसूल, त्र्यंबककडची माणसे डबा आणि विळा घेऊन उभी असतात आणि बागायतदार गाडीतूनच रोजाचा भाव ठरवतात. पण हा मजूर संध्याकाळी, नाहीतर आठवड्याला पैसे मोजून घेतो. पावसाळ्यापुरते घरचे भात असते, रेशनकार्ड चालू असते, मुलगा आश्रमशाळेत नाहीतर नाशिकच्या आदिवासी वसतिगृहात. गोंद्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी का होईना, कुणाला काम लागते. घरात एखादा शिक्षक, पोलीस, वनरक्षक किंवा परिचारिका निघतेच. जनगणनेतील साक्षरतेच्या आकड्यांत महादेव कोळी राज्यातील आदिवासींच्या सरासरीच्या वर आहेत, कातकरी तळाशी.

कातकऱ्याचे वर्ष वेगळ्या पंचांगावर चालते. गणपती ते दिवाळी हा हातात काही नसण्याचा काळ. पावसाळ्यातली आवणी संपलेली, सोंगणीला अवकाश. याच दिवसांत मुकादम वाडीवर येतो आणि उचल देतो. काही हजार रुपये. त्यातून उधारी फिटते, औषधपाणी आणि सण होतो. त्या दिवसापासून जोडपे 'बांधलेले'. दिवाळी सरली की टेम्पो येतो, त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या, म्हातारी आणि पोरे चढतात आणि वाडीला कडी लागते. भट्टीवर काम पहाटे अंधारात सुरू होते. रात्री भिजवून तुडवलेल्या मातीत भाताचा तूस आणि राख मिसळलेली असते. नवरा गोळा कापून देतो, बायको राख भुरभुरलेल्या साच्यात तो दाबते, वरची माती हाताने कापते आणि साचा उलटा करते. वीट जमिनीवर बसते, साचा पुन्हा भरतो. ओळी वाढत जातात. सुकत आलेल्या विटा उभ्या करायचे काम पोरांचे. त्यांची बोटे लहान, वीट मोडत नाही. मजुरी हजार विटांमागे ठरते, आठवड्याला फक्त खर्ची मिळते आणि हिशेब मृगाच्या तोंडावर. अवकाळी पाऊस येऊन कच्च्या विटा विरघळल्या तर त्या बहुधा थापणाऱ्याच्या खात्यात धरत नाहीत. हिशेबाअंती पैसे अंगावर राहिले तर पुढच्या हंगामाची जागा ठरलेली.

इथे काम मिळते ते जोडीला, एकट्याला नाही. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःची उचल घ्यायची तर आधी संसार मांडावा लागतो. कातकऱ्यांतील लवकरच्या लग्नांना लोक चालीरीत म्हणतात, पण तिच्यात भट्टीच्या हिशेबाचा वाटा मोठा आहे. शाळेचेही तसेच. जूनमध्ये नाव पटावर येते, नोव्हेंबरात मूल भट्टीवर जाते, परीक्षेला हजर नसते.

उचल देऊन माणूस बांधणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. श्रमजीवी संघटनेसारख्या संघटनांनी १९८० च्या दशकापासून ठाणे-पालघर-नाशिकच्या पट्ट्यात असे अनेक मजूर सोडवले. तरीही २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथल्या कातकरवाडीतील मुले नगर जिल्ह्याकडच्या मेंढपाळांकडे राबण्यासाठी ठेवली गेल्याचे उघड झाले. त्यांतली दहा वर्षांच्या आसपासची एक मुलगी दगावली, तेव्हाच ही बाब वर्तमानपत्रांत आली. मोबदला होता वर्षाला थोडीशी रक्कम, कुठे एखादी मेंढी. याच गावांभोवती महादेव कोळ्यांची मुले बारावीनंतर भरतीच्या मैदानावर धावत होती. दोन्ही घरे एकाच आदिवासी विकास विभागाच्या यादीत, आणि त्या विभागाचे आयुक्तालय नाशिक शहरातच, तास-दीड तासाच्या वाटेवर.

दाखल्यांचा प्रश्नही दोघांना उलटसुलट छळतो. १९७६ च्या कायद्याने जमातींच्या यादीवरची प्रादेशिक बंधने गेली आणि मग 'कोळी' या नावसाधर्म्याचा लाभ घेऊन इतर कोळी जातींतील अनेकांनी महादेव कोळी असल्याचे दाखले काढले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जातपडताळणीची जी पद्धत घालून दिली, तिच्या मुळाशी महादेव कोळी असल्याचा असाच एक दावा होता. २००१ मध्ये महाराष्ट्राने पडताळणीचा कायदा केला, २०१७ मध्ये न्यायालयाने खोट्या दाखल्यावरची नोकरी टिकणार नाही असे सांगितले. खऱ्या महादेव कोळ्याला यामुळे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे घेऊन समितीपुढे उभे राहावे लागते: आजोबांचा शाळेचा दाखला, जुना फेरफार, जन्म-मृत्यूची नोंद. त्याच्या नावाला बाजारात किंमत आहे, हे त्याचे दुखणे. कातकऱ्याच्या नावाची चोरी झाल्याचा बोभाटा क्वचितच ऐकू येतो. पण पुरावे मागितले की त्याचा आजोबा शाळेत गेलेला नाही, जमिनीचा फेरफार नाही आणि जन्म कुठल्या तरी भट्टीवर झालेला.

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने असुरक्षित गटांसाठी पीएम-जनमन ही सुमारे २४ हजार कोटींची योजना सुरू केली. देशातील ७५ गटांना घर, रस्ता, पाणी, वीज, दाखले. यादीतल्या यादीची दखल घेणारी एवढी मोठी तरतूद पूर्वी नव्हती, आणि तिच्यामुळे अनेक वाड्यांवर आधार आणि जातीच्या दाखल्यांची शिबिरे प्रथमच पोहोचली. घरासाठी दोन लाख रुपये मिळतात. मात्र घराला जागा लागते. झोपडी दुसऱ्याच्या गटात किंवा वनजमिनीवर असेल तर आधी जागेचा प्रश्न सोडवावा लागतो. भूमिहीनांना जागा घेण्यासाठी राज्याची वेगळी मदत आहे, ती आरंभी ५०० चौरस फुटांसाठी ५० हजार रुपये होती. समृद्धी महामार्ग आणि रिसॉर्ट आलेल्या तालुक्यात त्या पैशांत गावाजवळ जागा देणारा मालक सापडणे कठीण, आणि तो मालक बहुतेकदा महादेव कोळी किंवा ठाकूर शेतकरीच असतो. त्याची जमीन मुळात दीड एकर.

जागा मिळाली तरी पैसे टप्प्याटप्प्याने येतात. जोत्यापर्यंत काम झाले की फोटो, भिंती उठल्या की फोटो, प्रत्येक वेळी मोबाइलवर जागेची नोंद, मग पुढचा हप्ता. बांधकामाचे दिवस दिवाळी ते जून. त्या दिवसांत घरमालक जोडप्याने भट्टीवर दुसऱ्यांच्या घरांसाठी विटा थापायला उचल घेतलेली असते. मृगाला ते परततात तेव्हा इगतपुरीचा पाऊस सुरू झालेला असतो आणि जोते पुढच्या दिवाळीपर्यंत तसेच भिजत राहते.